चैत्यगृहातील काष्ठशिल्प : पञ्चकङ्ग थपतीपासून सामि वढकीपर्यंत

कार्ले येथील चैत्यगृहात प्रवेश करणाऱ्या माणसाची दृष्टी प्रथम स्तंभांच्या रांगांवरून स्तूपाकडे जाते आणि तेथून वर छताकडे वळते. छताला अर्धवर्तुळाकार कमानींची एक लांबच लांब ओळ आहे. या कमानी दगडाच्या नसून सागवानी लाकडाच्या आहेत. स्तूपाच्या माथ्यावरील छत्रही लाकडाचेच असून त्याच्या खालच्या अंगावर कमळांची नाजूक नक्षी कोरलेली आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्या हातांनी हे लाकूड तासले, त्यांचे काम आज आपल्या डोक्यावर जसेच्या तसे उभे आहे. असे असूनही लेण्यांविषयीच्या आपल्या बहुतेक लेखनात दगडाची स्तुती असते, दात्यांची नावे असतात, राजवंशांची चर्चा असते. लाकडाचा उल्लेख मात्र एखाद्या वाक्यात उरकला जातो. लाकडी बांधकामाची नक्कल पुढे दगडात करण्यात आली, एवढे सांगून सुताराला इतिहासाच्या उंबरठ्याबाहेर उभे केले जाते.

प्रस्तुत लेखात त्या सुताराला उंबरठ्याच्या आत आणण्याचा प्रयत्न आहे. चैत्यगृह व विहार यांतील कोरीव लाकूडकाम, त्यातील आसने, मंचक, दारे, गवाक्षे आणि छत्रे यांविषयी पालि साहित्य काय सांगते, महाराष्ट्रातील लेणी त्यास कोणता पुरावा देतात, आणि साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या संघात अलंकरणाला जागा कशी मिळाली, हे तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत.

१. विनयातील लाकूडकाम

विनयपिटकातील चुल्लवग्गाचा सेनासनक्खन्धक हा विभाग वरवर पाहता रुक्ष नियमांचा संग्रह वाटतो. परंतु प्राचीन भारतातील घरबांधणी आणि घरातील सामान यांविषयी इतकी तपशीलवार माहिती देणारे साधन क्वचितच सापडेल. आरंभी भिक्षू अरण्यात, वृक्षाखाली, गिरिकपारीत राहत असत. राजगृहाच्या श्रेष्ठीने त्यांच्यासाठी निवास बांधण्याची इच्छा प्रकट केली तेव्हा तथागतांनी विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा अशा पाच प्रकारच्या निवासांना अनुमती दिली. श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभे केले, असे तेथे सांगितले आहे. एका दिवसात साठ निवास उभे राहू शकतात ते लाकूड, बांबू, गवत आणि माती यांचेच. म्हणजे संघाचे पहिले घर सुताराने बांधलेले होते.

निवास झाला, की दार आले. दाराच्या प्रकरणात विनयाने कवाट, चौकट, बिजागरीच्या ठिकाणी येणारी खालची उखळी व वरचा खोबणीचा तुकडा, दोरी ओढण्याचे छिद्र, अडसर, खुंटी, खिट्टी या प्रत्येक वस्तूला स्वतंत्र नाव दिले आहे. गवाक्षांचे तीन प्रकार सांगितले आहेत : वेदिकेच्या आकाराचे ‘वेदिकावातपान’, जाळीचे ‘जालवातपान’ आणि उभ्या गजांचे ‘सलाकावातपान’. भाजे, बेडसे व कार्ले येथील दर्शनी भिंतींवर वेदिका आणि जाळी यांच्या ज्या असंख्य ओळी कोरलेल्या आहेत, त्या पाहताना विनयातील ही नावे आठवावीत. कारागिराने मनाला येईल ते कोरले नाही. विहाराच्या लाकडी खिडक्यांचे जे प्रकार त्याच्या परिचयाचे होते, तेच त्याने दगडावर मांडले.

मंचकांचेही चार प्रकार तेथे आढळतात. मसारक, बुन्दिकाबद्ध, कुळीरपादक आणि आहच्चपादक अशी त्यांची नावे आहेत. ही वर्गवारी लाकडाच्या जोडणीवर आधारलेली आहे. अट्ठकथेनुसार मसारकात पायांना भोके पाडून त्यांत आडव्या पट्ट्या बसविलेल्या असतात. कुळीरपादकाचे पाय घोडा, मेंढा अशा प्राण्यांच्या पायांसारखे घडविलेले असतात. आहच्चपादकाचे पाय काढता-घालता येतात. या शेवटच्या प्रकारासंबंधी पाचित्तियात एक प्रसंग आहे. एक भिक्षू माळ्यावर ठेवलेल्या अशा मंचकावर एकदम बसला; मंचकाचा पाय निसटून खाली बसलेल्या भिक्षूच्या डोक्यावर पडला; आणि तथागतांना त्याविषयी नियम करावा लागला. सुताराची जोडणी सैल असली तर काय होते, याची नोंद धम्माच्या साहित्यात राहावी हे विनयाच्या व्यवहारी दृष्टीला धरूनच आहे.

लाकडाचे मोल त्या काळी किती होते, हे दुसऱ्या पाराजिकाच्या उगमकथेवरून कळते. कुंभारपुत्र धनिय याने प्रथम मातीची कुटी बांधली. ती पाडण्यात आल्यावर त्याने लाकडाची कुटी उभारण्याचे ठरविले आणि नगराच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेले राजा बिंबिसाराचे लाकूड परवानगी असल्याचे भासवून नेले. संघातून बहिष्कृत होण्याइतक्या गंभीर अशा चौर्यविषयक नियमाचे मूळ अशा रीतीने राखीव लाकडात आहे. धान्य किंवा सुवर्ण यांच्याऐवजी लाकडाची कथा येथे यावी, यावरून उत्तम इमारती लाकूड ही राज्याची मौल्यवान ठेव होती, हे स्पष्ट होते.

२. पल्लङ्काचे सिंह

आता अलंकरणाकडे वळू. आपले उपासक-उपासिका उपोसथाच्या दिवशी अट्ठसील ग्रहण करतात तेव्हा ‘उच्चासयन’ आणि ‘महासयन’ यांपासून विरत राहण्याची प्रतिज्ञा करतात. हे शब्द आपण दरवेळी उच्चारतो. परंतु त्यांच्यामागे सुताराच्या कामाचे एक संपूर्ण दालन दडलेले आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. उंच आसनांच्या यादीत ‘आसन्दि’ आणि ‘पल्लङ्क’ हे शब्द येतात. आसन्दि म्हणजे प्रमाणाबाहेर उंच पायांचे आसन. पल्लङ्क म्हणजे ज्याच्या पायांवर हिंस्र पशूंच्या, म्हणजेच व्यालांच्या, आकृती कोरलेल्या आहेत असे आसन. पाचित्तियातील एका नियमाप्रमाणे भिक्षूच्या मंचकाचे पाय सुगताच्या आठ अंगुळांपेक्षा उंच नसावेत. असल्यास जादा भाग कापून टाकावा आणि मग दोषाची कबुली द्यावी. या नियमाला ‘छेदनक’ म्हणतात. करवतीवरून नाव मिळालेला असा नियम अन्य धर्मशास्त्रात मला आढळलेला नाही.

या संदर्भात चुल्लवग्गातील एक प्रसंग विशेष महत्त्वाचा आहे. कोसलनरेश प्रसेनजिताच्या आजीच्या निधनानंतर तिच्या संग्रहातील पुष्कळ वस्तू संघाकडे आल्या. त्यांत आसन्दि व पल्लङ्कही होते. भिक्षूंना प्रश्न पडला की, या राजवस्तूंचे करायचे काय? तथागतांनी त्या फेकून द्या असे सांगितले नाही आणि आहे तशा वापरा असेही सांगितले नाही. आसन्दीचे पाय कापून आणि पल्लङ्कावरील व्यालाकृती मोडून त्या वापराव्यात, अशी अनुज्ञा त्यांनी दिली.

या एका अनुज्ञेत दोन गोष्टी सामावलेल्या आहेत. पहिली, लाकूड वाया घालवायचे नाही. दुसरी, आसनावर बसणाऱ्याचा अहंकार फुगविणारा अलंकार ठेवायचा नाही. राजसिंहासनाचे सिंह हे सत्तेचे चिन्ह आहे. भिक्षूने त्यावर बसणे म्हणजे सोडून आलेल्या जगात पुन्हा जाऊन बसणे होय. विरोध कोरीव कामाला नव्हता, कोरीव कामाने व्यक्त होणाऱ्या श्रेष्ठत्वाच्या भावनेला होता.

याच खन्धकात विहाराच्या सजावटीसंबंधीचा नियम आहे. काही भिक्षूंनी विहारात स्त्री-पुरुषांच्या आकृती रंगविल्या. त्यास मनाई करण्यात आली. मात्र मालाकम्म, लताकम्म, मकरदन्तक आणि पञ्चपटिक या चार नक्षींना अनुमती मिळाली. पहिल्या दोन म्हणजे फुलांच्या माळा आणि वेली; तिसरी मगरीच्या दातांसारखी त्रिकोणी पट्टी; चौथी पट्ट्यापट्ट्यांची रचना. आजच्या सुतारालाही हे नमुने नव्याने समजावून सांगावे लागणार नाहीत. जुन्या वाड्यांच्या चौकटीवर वेल, फुलांच्या पट्ट्या आणि दातेरी किनार आपण पाहिलेली आहे. नक्षीचे हे मूलभूत व्याकरण किती जुने आहे, याची साक्ष विनय देतो.

३. पाच हत्यारांचा उपासक

हे काम करणारी माणसे कोण होती? निकायांत त्यांच्यापैकी एकाचे नाव ठळकपणे येते. सावत्थीचा पञ्चकङ्ग थपती हा व्यवसायाने सुतार आणि श्रद्धेने उपासक होता. मज्झिमनिकायातील बहुवेदनीयसुत्तात वेदना दोन प्रकारच्या की तीन प्रकारच्या, या प्रश्नावर तो आयुष्मान उदायींशी निर्भयपणे वाद करतो. दोघेही आपले म्हणणे सोडत नाहीत, आणि तथागत मात्र दोघांचेही म्हणणे आपापल्या पर्यायाने योग्य ठरवितात. समणमुण्डिकसुत्त व अनुरुद्धसुत्त यांतही त्याची भेट होते. एक सुतार भिक्षूशी तात्त्विक चर्चा करतो आणि ती चर्चा पिटकात जतन केली जाते, ही घटना लहान नाही.

त्याच्या नावाचा अर्थ अट्ठकथेत दिला आहे. पाच अंगे, म्हणजे पाच हत्यारे, ज्याच्यापाशी आहेत तो पञ्चकङ्ग. ही हत्यारे अशी : वासि म्हणजे वाकस, फरसु म्हणजे कुऱ्हाड, निखादन म्हणजे पटाशी किंवा किंकरे, दण्डमुग्गर म्हणजे लाकडी मोगरी आणि काळसुत्ताची नळी, म्हणजे रेघ मारण्यासाठी काळ्या रंगात बुडविलेल्या सुताचे साधन. मुग्गर आणि मोगरी हा शब्दबंध तर उघडच आहे. मराठीतील ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या संस्कृत शब्दापासून आलेला आहे. त्यातले सूत्र हे हेच सूत होय. पालीत सुताराला ‘वड्ढकि’ हा जो दुसरा शब्द आहे, तो आपल्या विदर्भातील ‘वाढई’ या शब्दात आजही जिवंत आहे.

कामाची रीत कशी होती, याचे सुंदर चित्र अलीनचित्तजातकात आले आहे. वाराणसीजवळ पाचशे सुतारांचे एक गाव होते. ते लोक नावेने नदीच्या वरच्या अंगाला जात, अरण्यात घराला लागणारी लाकडे तोडीत, तेथेच एकमजली-दुमजली घरांचे भाग तयार करीत, खांबांपासून आरंभ करून प्रत्येक लाकडावर खूण करीत आणि ते सर्व नावेत भरून नगरात आणीत. ज्याला जसे घर हवे असेल तसे ते जोडून देत. खुणा करून सुटे भाग आणणे आणि जागेवर जोडणे, ही पद्धत आपण आधुनिक समजतो. कार्ले किंवा भाजे येथील डोंगरावर एवढ्या मोठ्या कमानी चढविताना असेच काहीतरी करावे लागले असणार. कारण पूर्ण वाकाची कमान एका तुकड्यात डोंगर चढवून आणणे शक्य कोटीतले नाही.

या कौशल्याला समाजाने कोणता दर्जा दिला होता? विनयातील ओमसवाद-पाचित्तियात त्या काळी हीन मानल्या गेलेल्या जातींची यादी आहे. चण्डाल, वेन, निषाद, रथकार आणि पुक्कुस. रथकार म्हणजे लाकडाचे चाक व रथ घडविणारा. ज्याच्या चाकावर राजे युद्धाला जात, त्याची जात शिवी म्हणून वापरली जाई. विनयाने ही यादी दिली ती त्या जाती हीन आहेत हे सांगण्यासाठी नव्हे. जातीचे, कामाचे किंवा कुळाचे नाव घेऊन कोणाला हिणविणारा भिक्षू दोषी ठरतो, हे सांगण्यासाठी दिली. अंगुत्तरनिकायात तथागत स्वतः एका पूर्वजन्मी रथकार असल्याचे सांगतात. त्या कथेतील एक चाक सहा दिवस कमी सहा महिन्यांत आणि दुसरे सहा दिवसांत तयार झाले. घाईने केलेले चाक लोटल्यावर थोडे जाऊन पडले; सावकाश, प्रत्येक दोष काढून केलेले चाक उभे राहिले. काया, वाचा व मन यांतील वाकडेपणा कसा काढावा, हे समजावण्यासाठी तथागतांनी सुताराचाच हात निवडला.

४. लेण्यांची साक्ष

लाकडी वास्तू टिकत नाहीत. वाळवी, पाऊस व अग्नी त्यांचा घास घेतात. म्हणून प्राचीन काष्ठशिल्पाचा पुरावा आपल्याला तीन रूपांत शोधावा लागतो : जमिनीत उरलेल्या खुणा, दगडात उतरलेले आकार आणि क्वचित प्रत्यक्ष लाकूड.

पहिल्या प्रकारचा उत्तम नमुना राजस्थानातील बैराट येथे आहे. १९३५-३६ साली दयाराम साहनी यांच्या उत्खननात तेथे मौर्यकालीन वर्तुळाकार चैत्यगृहाचे अवशेष मिळाले. त्याच्या भिंतीत विटांच्या भागांमध्ये आळीपाळीने २६ अष्टकोनी लाकडी स्तंभ होते. दुसऱ्या प्रकाराचा प्रारंभ बिहारमधील बराबर टेकड्यांत दिसतो. तेथील लोमश ऋषी गुंफेच्या दारावर वाकविलेल्या लाकडी छपराचे टोक, त्याखालच्या तुळयांची तोंडे, जाळी आणि हत्तींची मिरवणूक हे सर्व कठीण ग्रॅनाइटमध्ये कोरलेले आहे. बराबरच्या गुंफा आजीवकांसाठी होत्या. अर्थात ही शैली कोणा एका संप्रदायाची नसून त्या काळच्या सुतारांची होती. भारहुत व सांची येथील दगडी वेदिकांत तर आडवे दांडे उभ्या खांबांच्या भोकांत बसविलेले आहेत. दगडाला अशा जोडणीची गरज नसते. कुसू आणि भोक ही लाकडाची भाषा आहे.

तिसरा प्रकार, म्हणजे प्रत्यक्ष लाकूड, हे महाराष्ट्राचे भाग्य आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील भाजे येथील चैत्यगृहात २७ अष्टकोनी स्तंभ आहेत आणि ते किंचित आत झुकलेले आहेत. दगडी स्तंभाने झुकण्याचे काही कारण नाही. परंतु लाकडी घरात वाकविलेल्या छपराचा रेटा बाहेरच्या बाजूला येतो. तो पेलण्यासाठी सुतार खांब आत कलते उभे करतो. ही सवय हातात इतकी मुरलेली होती की पाषाणातही ती सुटली नाही. भाज्याचा दर्शनी भाग आज उघडा दिसतो तो अपुरा राहिला म्हणून नव्हे. तेथे मूळचा लाकडी पडदा होता, आणि तो बसविण्यासाठी खोदलेली भोके खडकात आजही आहेत. छताच्या लाकडी कमानींवर ब्राह्मी लिपीतील लेख आढळले असून म. न. देशपांडे यांनी ते प्रकाशात आणले. लाकडावरील एवढे प्राचीन लेख भारतात अत्यंत दुर्मीळ आहेत. कमानी मूळच्या आहेत, नंतर कोणी घातलेल्या नाहीत, याचा हा लिखित पुरावाच होय.

कोंडाणे येथे लाकडी कमानींचे काही अवशेष उरले आहेत; बेडसे येथील लाकूड नाहीसे झाले. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात मधल्या छताच्या लाकडी कमानींच्या फक्त खुणा दिसतात, पण बाजूच्या पाखांच्या कमानी दगडातच कोरलेल्या आहेत. लाकडाकडून दगडाकडे होणारे संक्रमण तेथे एकाच छताखाली पाहता येते. या सर्वांत कार्ले श्रेष्ठ ठरते. सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच असे हे चैत्यगृह. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे सात असे ३७ स्तंभ, त्यांवर सागवानी कमानी, दर्शनी गवाक्षात लाकडी जाळीचा भाग आणि स्तूपावर कोरीव छत्र. इतका संपूर्ण काष्ठसंभार अन्य कोणत्याही शैलगृहात उरलेला नाही. सागाच्या लाकडातील नैसर्गिक तेल वाळवीला दूर ठेवते, आणि खडकाच्या पोटात ऊन-पाऊस पोहोचत नाही. या दोन कारणांनी हे आश्चर्य घडले.

५. सामि वढकि

आता मूळ प्रश्न. डोंगर कोरून तयार केलेल्या छताला कमानींच्या आधाराची गरज नव्हती. खडक स्वतःचा भार स्वतः पेलतो. तरीही दूरच्या अरण्यातून साग आणून, वाकवून, डोंगरावर चढवून तो बसविण्याचे श्रम का घेतले गेले? कारागीर परंपरेचे गुलाम होते, लाकडाचा आकार विसरू शकत नव्हते, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. मला ते अपुरे वाटते. ज्यांनी कार्ल्याचे स्तंभशीर्ष घडविले, त्यांना दगड कळत नव्हता असे म्हणणे धाडसाचे होईल.

उत्तराची दिशा कार्ल्याच्या शिलालेखांतच सापडते. तेथील एका लेखात धेनुकाकट येथील सिंहदत नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, ‘घरमुख’ दान दिल्याचे नमूद आहे. घरमुख म्हणजे चैत्यगृहाचे दर्शनी द्वार. दुसऱ्या एका लेखात हे घरमुख कोणी केले तेही सांगितले आहे : धेनुकाकटचाच, वेणुवासाचा पुत्र, सामि नावाचा वढकि. दाता एक आणि कर्ता दुसरा. दोघांचीही नावे एकाच वास्तूवर कोरलेली. आणि कर्ता कोण, तर वढकि, म्हणजे सुतार.

या लेखाचे मोल पुरेसे ओळखले गेलेले नाही असे मला वाटते. लाकडी वास्तूची नक्कल दगडात झाली, असे म्हणताना सुतार आणि पाथरवट या दोन वेगळ्या व्यक्ती आपण गृहीत धरतो. एकाने मागे सोडले, ते दुसऱ्याने उचलले. कार्ल्याच्या द्वारापाशी मात्र सुतार स्वतःच हजर आहे. जे आपण नक्कल म्हणतो ते त्याच्या दृष्टीने त्याचे नेहमीचेच काम होते. फक्त द्रव्य बदलले होते. मग छताला खरे लाकूड का, याचे उत्तरही सुचते. चैत्यगृह हे ‘गृह’ आहे. डोंगरातली पोकळी घर कधी होते? तिला कमानी आणि वासे येतात, दाराला चौकट येते, गवाक्षाला जाळी येते तेव्हा. तथागतांच्या स्तूपावर छप्पर नव्हे तर घर उभारायचे होते, आणि घर करणे हे सुताराचे काम होते.

कोंडाणे येथे कण्हाचा शिष्य बलक याने आपण काम केल्याचे लिहून ठेवले आहे. पितळखोरे येथील यक्षमूर्तीवर कण्हदास या सुवर्णकाराचे नाव आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी आपल्या कोरीव कामाची नोंद केली आहे. सुवर्णकार, दंतकार, वढकि : दगडाचे काम म्हणून आपण ज्याकडे पाहतो, ते कितीतरी वेगवेगळ्या हातांचे काम आहे. ज्या समाजात रथकाराची जात शिवी होती, त्याच समाजात संघाच्या दारावर सुताराचे नाव पित्याच्या नावासह कोरले गेले. दानलेखांच्या अभ्यासात यापेक्षा मोठी सामाजिक घटना मला दिसत नाही.

६. सिंह परत येतात

भिक्षूच्या आसनावरील सिंह मोडण्याची आज्ञा आपण पाहिली. परंतु बौद्ध जगात पुढे लाकडावर सिंह, मकर, वेली, देवता यांची विपुल निर्मिती झाली. ही विसंगती नव्हे काय? माझ्या मते नाही. विनयाने व्यक्तीच्या उपभोगाची मर्यादा आखली होती. पूजेच्या वस्तूंची नव्हे. जे भिक्षूच्या पलंगावर वर्ज्य, ते तथागतांच्या आसनावर शोभा झाले. कारण तेथे अहंकार फुगण्यास कोणी बसलेलाच नव्हता.

भाषेनेही याची साक्ष दिली आहे. ब्रह्मी भाषेत बुद्धमूर्तीच्या आसनाला आणि राजाच्या सिंहासनाला जो ‘पलिन’ शब्द आहे, तो आपल्या पल्लङ्कापासूनच आलेला आहे. आणि विहारांवरील अनेकमजली कोरीव शिखरांना ‘प्याथाट’ म्हणतात, तो शब्द ‘पासाद’ होय. मांडले येथील श्वेनान्डॉ विहार हे सागवानी कोरीव कामाचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे. ही वास्तू मूळची राजवाड्यातील. राजा मिंडोन १८७८ मध्ये तिच्यात निवर्तल्यावर त्याचा पुत्र थिबॉ याने ती सुटी करून वाड्याच्या बाहेर हलविली आणि संघाला दिली. १९४५ मध्ये युद्धात मांडलेचा राजवाडा जळून गेला. संघाला दिलेली वास्तू तेवढी उरली. दान दिलेले टिकते आणि राखलेले जाते, असा उपदेश करण्याचा मोह येथे आवरावा लागतो. पण घटना तशी आहे खरी.

लडाखमधील आळ्ची येथील सुमत्सेक मंदिराचे कोरीव स्तंभ व कमानी काश्मिरी काष्ठशिल्पाची परंपरा दाखवितात. खुद्द काश्मीरमध्ये त्या काळचे फारसे काही उरलेले नाही. जपानमधील होर्यूजी विहारात सातव्या शतकातील तामामुशी देव्हारा आहे. मुख्यतः हिनोकी लाकडाचा, सुमारे सव्वादोन मीटर उंचीचा हा देव्हारा एखाद्या मंदिराची लहान प्रतिकृती वाटतो. छपराच्या कौलांपासून तुळयांच्या आधारांपर्यंत सर्व काही लाकडात घडविलेले आहे. त्याच्या एका फलकावर भुकेल्या वाघिणीला स्वदेह अर्पण करणाऱ्या बोधिसत्त्वाची कथा चितारली आहे. भाजे व कार्ले यांपासून इतक्या दूर, वेगळ्या वृक्षाच्या लाकडात, तोच प्रयत्न आहे : तथागतांसाठी घर करणे.

महाराष्ट्रात या परंपरेचा शेवटचा मोठा टप्पा वेरूळच्या दहाव्या लेण्यात, साधारण सातव्या शतकात, दिसतो. तेथे लाकूड मुळीच नाही. परंतु छतावरील कमानी इतक्या हुबेहूब कोरल्या आहेत की लोकांनी त्या लेण्याला ‘सुताराची झोपडी’ हे नाव दिले. संघ तेथून गेला, स्तूपापुढे बसलेल्या तथागतांची ओळख पुसली गेली, आणि सुतार मंडळी त्या मूर्तीला आपला आदिपुरुष विश्वकर्मा मानून तिच्या पूजेला येऊ लागली. तत्त्वज्ञान विसरले गेले; तरीही हे घर आपल्या माणसांनी केले आहे, ही जाणीव हातांनी जपली. इतिहासकाराने या लोकनामाला अज्ञान म्हणून हसू नये.

७. समारोप

काही वर्षांपूर्वी एका विहाराच्या जीर्णोद्धाराला जाण्याचा योग आला. तेथील बुद्धमूर्तीचे जुने सागवानी आसन काढून त्या जागी संगमरवरी आसन बसविले होते. जुन्या आसनावर वेलबुट्टी होती आणि चारी कोपऱ्यांना पिंपळाची पाने कोरली होती. वस्तीतल्याच एका सुताराने रात्री जागून, मजुरी न घेता ते केले होते, असे एका वृद्ध उपासिकेने सांगितले. आसन मागच्या खोलीत खुर्च्यांच्या ढिगाखाली होते. नव्या संगमरवरी फलकावर देणगीदारांची नावे रकमेसह होती. जुन्या आसनाच्या कर्त्याचे नाव कोठेच नव्हते. त्या उपासिकेलाही ते नीट आठवले नाही.

मी तेथे काही बोललो नाही. परंतु परतताना सामि वढकीची आठवण झाली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या संघाने दात्याबरोबर कर्त्याचेही नाव कोरून ठेवले. आपल्याला ते पन्नास वर्षेही राखता येऊ नये? आज गावोगावी विहार उभे राहत आहेत. त्यांत संगमरवर असावा की साग, हा प्रश्न गौण आहे. परंतु ज्याने आसन केले, दार केले, धम्मग्रंथांची पेटी केली, त्याचे नाव एका कोपऱ्यात तरी असावे, आणि जुने काम टाकण्यापूर्वी ते कोणाचे आहे हे विचारले जावे, एवढी अपेक्षा चुकीची नाही. विहारांच्या विश्वस्तांनी आपल्या जुन्या लाकडी वस्तूंची एक साधी नोंदवही जरी केली, तरी पुढच्या अभ्यासकावर मोठे उपकार होतील.

संयुत्तनिकायात वाकसाच्या दांड्याचा एक दृष्टान्त आहे. सुतार रोज वाकस हातात धरतो. दांड्यावर त्याच्या बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे उमटलेले दिसतात. आज दांडा किती झिजला, काल किती झिजला, हे त्याला सांगता येत नाही. पण झिजला म्हणजे तो झिजल्याचे कळते. साधकाचे आस्रवही असेच, रोजच्या प्रयत्नाने, नकळत क्षीण होत जातात. हा दृष्टान्त आपण आस्रवक्षयासाठी वाचतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातला दांडा खरा होता आणि त्यावरची बोटेही खरी होती. कार्ल्याच्या छताकडे पाहताना ती बोटे आठवणे, हेही एक प्रकारचे वंदन आहे.